पवना आणि इंद्रायणीच्या मधला माळ

दिवाळीत पिंपरी-चिंचवडमधल्या काळेवाडीतली काही घरं कुलूप लावून गावाला जातात, आणि काही घरांत गावच राहायला येतं. कंपनीत लागलेल्या मुलाकडे लातूरहून, बीडहून, बुलढाण्याहून आईवडील येतात. भाऊबीजेला बहीण येते, तिच्यामागे भाचरं येतात. लक्ष्मीपूजन होतं, पाडवा होतो, फराळाचे डबे अर्धे होतात. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाचा विचारतो, "मामा, आज कुठे जायचं?" मामाला दोनच उत्तरं सुचतात, मॉल किंवा लोणावळा. मॉलमध्ये खिसा रिकामा होतो, आणि लोणावळ्याच्या वाटेवर दिवाळीच्या सुट्टीत अर्धा दिवस गाडीतच जातो.

या लेखात तिसरं उत्तर आहे. घोरावडेश्वराचा डोंगर. काळेवाडीहून पूल ओलांडून पिंपरी स्टेशन गाठायचं, लोणावळा लोकल धरायची, चिंचवड, आकुर्डी आणि देहूरोड मागे टाकून बेगडेवाडीला उतरायचं. समोर गवताचा, जवळजवळ उघडा डोंगर दिसतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाणाऱ्यांनी तो शेकडो वेळा पाहिलेला असतो, पण त्यावर चढलेले त्यामानाने थोडेच. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते, श्रावणी सोमवारीही गर्दी असते. दिवाळीत मात्र डोंगर मोकळा असतो, आणि खरं तर त्याचे सगळ्यांत सुंदर दिवस हेच. पावसाळ्यातला हिरवा रंग उतरून गवत सोनेरी झालेलं असतं, आकाश धुतलेलं असतं, सकाळी हवेत गारवा असतो आणि उन्हाचा चटका अजून सुरू झालेला नसतो.

सकाळी साडेसहा-सातला पायथ्याशी असावं. महामार्ग ओलांडताना घाई करू नये. अवजड वाहनं वेगात असतात आणि लहान मुलं हात सोडून पळतात. डोंगरावर पायऱ्यांची वाट आहे, मध्ये टेकायला जागा आहे. साठी ओलांडलेली आजीही थांबत थांबत लेण्यांपर्यंत जाऊ शकते. सवयीच्या माणसाला अर्धा तास पुरतो, सहकुटुंब निघालेल्यांनी तासभर धरावा.

वर पोचल्यावर पहिली भेट होते ती शेलारवाडीच्या लेण्यांशी. कार्ले, भाजे, बेडसे यांच्याच कुळातली ही बौद्ध लेणी, पण त्यांच्याइतकी नावाजलेली नाहीत. कोकणातल्या बंदरांकडून बोरघाट चढून देशावर येणारा व्यापारी रस्ता याच खोऱ्यांतून जात असे, आणि त्या रस्त्याच्या कडेने ही लेणी कोरली गेली. मुख्य चैत्यगृहात आज शिवलिंग आहे, दुसऱ्या एका लेण्यात विठ्ठल-रखुमाई आहेत. खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांना पोढी म्हणतात. एकाच कातळावर भिक्खूंचा विहार, महादेवाचं देऊळ आणि वारकऱ्यांचा विठोबा एकमेकांना धरून आहेत.

इथला एक शिलालेख मला फार मोलाचा वाटतो. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, काळ इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला. हे लेणं कोणी दिलं, तर धेनुकाकट इथे राहणाऱ्या, नांगरावर पोट असलेल्या उसभणक नावाच्या कुटुंबप्रमुखाच्या बायकोने, आपल्या नंद नावाच्या मुलासह. तिचं नावही कोरलेलं आहे, सियगुतणिका. धेनुकाकटचं नाव कार्ल्याच्या लेण्यातही पुन्हा पुन्हा येतं, आणि तिथल्या दात्यांत यवनही आहेत. घोरावडेश्वरावर मात्र शेतकऱ्याच्या घरातली बाई दाता आहे. इतक्या जुन्या काळात राजाराण्यांची नावं टिकणं स्वाभाविकच. नांगरणाऱ्याच्या बायकोचं नाव टिकलं ते या डोंगराच्या दगडामुळे. सोबतच्या मुलांना ही गोष्ट लेण्यात उभं राहूनच सांगावी.

तुकोबांचं आणि या डोंगरांचं नातं तर सगळ्या वारकऱ्यांना ठाऊक आहे. देहूच्या आसपासचे तीन डोंगर तुकोबांचे म्हणून सांगितले जातात: घोरावडेश्वर, भंडारा आणि भामचंद्र. भामचंद्रावर पंधरा दिवसांच्या अनुष्ठानानंतर त्यांना साक्षात्कार झाला अशी परंपरा आहे. भंडाऱ्यावर ते एकांतात बसत, आणि त्यांच्या अनुग्रहाचा दिवस म्हणून माघ शुद्ध दशमीला तिथे मोठा सोहळा होतो. घर, दुकान आणि दुष्काळ या सगळ्यांनी पिळून निघालेला एक वाणी माणूस गावातून उठून माळाच्या डोंगरावर जातो, हे मला नुसतं भक्तीचं चित्र वाटत नाही. गावाला लागून असलेली, कोणाचीही मालकी अंगावर न येणारी मोकळी जागा माणसाला लागते, एवढं त्यातून नक्की कळतं.

दामोदर धर्मानंद कोसंबींना हे डोंगर चांगले ठाऊक होते. ते गणिताचे प्राध्यापक, राहायला पुण्यात, पण इतिहास शोधायचा तो पायी हिंडून, हा त्यांचा आग्रह होता. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर आणि या तिन्ही डोंगरांच्या परिसरात त्यांनी अश्मयुगीन माणसाची गारगोटीची बारीक हत्यारं शोधली. नखाएवढ्या त्या दगडी पात्यांवरून त्यांनी पशुपालकांच्या जुन्या वाटा जुळवल्या. 1962 साली आलेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात त्यांनी मांडलं की देवींची ठाणी, लेणी आणि व्यापाराचे रस्ते या जुन्याच वाटांवर वसले. त्या वाटा अजून पूर्ण मोडलेल्या नाहीत. दसरा-दिवाळीनंतर फलटण, बारामतीकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात. मावळात या दिवसांत घोड्यावर बिऱ्हाड लादलेला धनगरांचा एखादा वाडा, म्हणजे तांडा, रस्त्याने चालताना दिसला, तर गाडीचा हॉर्न न वाजवता बाजूला थांबावं. त्या वाटेवरचा त्यांचा हक्क महामार्गाहून जुना आहे.

लेणी पाहून बहुतेक लोक दर्शन घेतात आणि खाली उतरतात. माझा आग्रह आहे की तसं करू नये. लेण्यांच्या वरून पाऊलवाट माथ्याकडे जाते, आणि या चालीचा जीव त्या वाटेवर आहे. माथ्यावर सपाटी लागते. झाडं मोजकी, म्हणजे एखादी बोर, एखादा हिवर, करवंदीच्या जाळ्या. बाकी सगळं गवत.

हा डोंगर असा का, हे समजून घेतलं की त्याच्याकडे बघण्याची नजर बदलते. आपल्या पायाखालचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. थरावर थर साठले, म्हणून आपले डोंगर माथ्याला सपाट आणि अंगाला पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. माथ्यावर माती जेमतेम वीतभर, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कातळ. त्यात पावसाचा खेळ. लोणावळ्याला वर्षाला 4,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात 700च्या आसपास. लोकलच्या तास-सव्वा तासाच्या प्रवासात एवढा फरक. घोरावडेश्वर या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात, कोरड्या बाजूला झुकलेला. चार महिने पाऊस, आठ महिने कोरडं, वर उथळ माती. अशा जागी घनदाट रान उभं राहत नाही. तिथे गवत राज्य करतं, आणि ते नाइलाजाने उगवलेलं नसतं. ते त्या जागेचं मूळचं जीवन आहे. बारमाही गवताचा मोठा भाग जमिनीच्या वर नसतोच, तो मुळांच्या रूपाने खाली असतो. वरचं वाळलं, चरलं गेलं, तरी खालचं जगतं, आणि पुढच्या जूनच्या पहिल्या पावसात आठवड्याभरात डोंगर हिरवा होतो.

जरा खाली बसून बघा. सगळं गवत एकसारखं नसतं. मारवेल आहे, शेडा आहे, पवन्या आहे. बोटांनी चुरगळल्यावर सुगंध येतो तो रोशा. गवताच्या तळाशी पैशाहूनही लहान निळं फूल दिसेल, ती विष्णुक्रांता. गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचा कुर्डू उभाच असतो. आणि उताराउतारावर, तांबूस छटेची, वाऱ्यावर लाटांसारखी हलणारी कुसळी.

या कुसळीवर थोडं थांबायला हवं, कारण दिवाळीच्या दिवसांतच ती पिकते. तिचं कुसळ मोज्यात घुसतं, पायाला टोचतं, आणि लोक वैतागून ते उपटून फेकतात. तसं न करता एक कुसळ तळहातावर घ्या. खाली सुईसारखं टोकदार बी, त्यावर मागे वळलेले तांबूस केस, म्हणजे आत शिरलं की मागे सरकायचं नाही. बियाला लागून लांबलचक गडद शेपटी, तिचा खालचा भाग दोरीसारखा पिळलेला. आता त्या पिळावर पाण्याचा एक थेंब टाका आणि बघत राहा. पीळ हळूहळू उलगडायला लागतो आणि शेपटीचं वाकलेलं टोक घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरतं. वाळलं की पीळ पुन्हा बसतो. रात्री दव पडतं, दिवसा ऊन पडतं. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होत हे बी स्वतःला जमिनीत गिरमिटासारखं फिरवत नेतं. ना किडा, ना पाखरू, ना माणूस. हवेतल्या ओलाव्यावर चालणारं यंत्र आहे ते. पिंपरी-चिंचवडमध्ये घरोघरी कोणी ना कोणी लेथवर किंवा ड्रिलवर काम केलेलं असतं. अशा माणसाने हे पाहिलं की त्याचा चेहरा खुलतो, आणि तो आपल्या मुलाला ते माझ्याहून चांगलं समजावून सांगतो.

गवत आहे म्हणून पाखरं आहेत. झाडावरची नव्हेत, माळावरची. चंडोल गात गात सरळ वर चढतो. तीरचिमणी पायापुढून तुरुतुरु पळते. गप्पीदास दगडावर बसून शेपटी हलवतो. गवतातून तित्तराची जोरकस हाक येते. थंडीच्या तोंडावर उत्तरेकडून पाहुणे येतात. खरुची हा छोटा ससाणा वाऱ्याला तोंड देऊन हवेत एकाच जागी पंख फडफडवत उभा राहतो आणि खालच्या गवतातला टोळ किंवा उंदीर हेरतो. नशीब असेल तर गवताच्या टोकांवरून संथ तरंगत जाणारा भोवत्याही दिसतो. ही पाखरं दाट झाडीत राहू शकत नाहीत. माळ गेला की तीही जातात.

सरकारदरबारी मात्र अशा माळांची नोंद फार काळ पडीक जमीन म्हणूनच होत आली. देशाच्या पडीक जमिनींची अधिकृत नकाशावहीही झुडपी आणि उघड्या माळांना त्याच रकान्यात टाकते. पडीक म्हटलं की दोनच गोष्टी सुचतात, तिथे काहीतरी बांधा नाहीतर तिथे झाडं लावा. पुण्याच्या टेकड्यांवर एकेकाळी परदेशी गिरिपुष्पाची मोठी लागवड झाली आणि त्याच्या दाट सावलीखाली देशी गवत उरलं नाही. घोरावडेश्वरावर अनेक मंडळी रविवारी खांद्यावर पाणी वाहून झाडं जगवतात. त्यांच्या कष्टांपुढे मी नम्र आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे: पायथ्याला, ओढ्याकाठी, वाटेच्या कडेला वड, पिंपळ, कडुनिंब, करंज जरूर लावावेत. माथ्याच्या गवतात खड्डे घेऊ नयेत. मोकळा डोंगर म्हणजे ओसाड डोंगर नव्हे. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर चिंकारा हरणं टिकली, ती तो माळ माळच राहिला म्हणून.

माथ्यावर मधोमध उभं राहिलं की भूगोलाचा अख्खा धडा समोर उलगडतो. दक्षिणेला द्रुतगती मार्ग, गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम आणि वळणं घेत जाणारी पवना. उत्तरेला इंद्रायणीचं खोरं, भंडाऱ्याचा डोंगर, आणि चाकणच्या कारखान्यांच्या बाजूला भामचंद्र. पूर्वेला देहूरोड आणि त्यापलीकडे सगळं पिंपरी-चिंचवड. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला लोहगड-विसापूरची जोडी. हा डोंगर दोन नद्यांमधला बांध आहे. दक्षिण उतारावर पडलेला पावसाचा थेंब पवनेला मिळतो, चिंचवडवरून, काळेवाडीच्या कडेने वाहत दापोडीला मुळेत जातो, पुढे मुळा-मुठा होऊन रांजणगाव सांडसला भीमेत शिरतो. उत्तर उतारावरचा थेंब इंद्रायणीला मिळतो, देहू आणि आळंदी करून तुळापूरला भीमेत जातो. दोघे एकाच डोंगरावरून पाठ फिरवून निघतात आणि भीमेत एकत्र होऊन पंढरपूरला पोचतात. गावाकडून आलेल्या वारकरी आजोबांना हे माथ्यावर उभं राहून सांगा.

माथ्यावरून दिसणाऱ्या देहूरोडमध्ये आणखी एक जागा आहे. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या बुद्धविहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. वर प्राचीन बौद्ध लेणी आणि खाली हा विहार, दोन्ही एकाच सकाळी पाहून होतात. त्याच भागात लष्कराची मोठी हद्द आहे, तेव्हा फलक दिसला की मागे वळावं, कुंपणाजवळ फोटो काढू नयेत.

कारखान्यांच्या गावाला मोकळा डोंगर किती लागतो, याचा एक दाखला इंग्लंडमधला आहे. मँचेस्टर आणि शेफिल्ड या कापड-पोलादाच्या शहरांच्या मधोमध उघड्या, झाडं नसलेल्या, गवत आणि हीथर नावाच्या झुडपांच्या टेकड्या आहेत. गिरणीतल्या कामगारांना रविवारी तिथे चालायचं असे, पण जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी त्या बंद ठेवल्या होत्या. 24 एप्रिल 1932 रोजी विशीतल्या बेनी रॉथमनच्या पुढाकाराने शेकडो तरुण कामगार मनाई मोडून किंडर स्काउट या डोंगरावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट नावाच्या याच भागात ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि आज लोक सुट्टी काढून त्या माळांवर चालायला जातात. आपल्याकडेही असं बळ दिसलेलं आहे. 2008 मध्ये भामचंद्राच्या परिसरात, शिंदे-वासुलीला, डाऊ केमिकल्सच्या संशोधन केंद्राला वारकरी आणि गावकरी यांनी कडाडून विरोध केला, आणि ते केंद्र तिथे झालं नाही. आपल्या घोरावडेश्वरावर चढायला ना तिकीट, ना पहारेकरी. हा हक्क आयता मिळाला आहे, तो वापरला तरच राहील.

भंडाऱ्यावर गाडी थेट वर जाते, तिथे आता तुकोबांचं भव्य दगडी मंदिर उभं राहत आहे. गुडघे दुखणाऱ्या पाहुण्यांना तिकडे न्यावं. अगदीच वेळ नसेल तर निगडीची दुर्गाटेकडी आहे. पण चालायचं असेल तर घोरावडेश्वरच.

तयारी थोडकीच. माणशी दोन लिटर पाणी, कारण माथ्यावर सावली नाही. कुसळं चिकटू नयेत म्हणून गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट आणि मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. खायला घरचा चिवडा आणि शंकरपाळे. लेण्यांतल्या पोढीत हात-पाय धुऊ नयेत. कड्याला आग्यामोहोळ लोंबताना दिसलं तर तिथे उदबत्ती, धूर, आरडाओरडा काहीही नको. परतीचं वेळापत्रक आधी पाहून ठेवावं, दुपारी या मार्गावर लोकल कमी असतात. साडेदहा-अकरापर्यंत खाली उतरलेलं बरं.

आणि एक कळकळीची विनंती. दिवाळीत गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक फुलबाजी, एक विडीचं थोटूक, भुईचक्राची एक ठिणगी, आणि वाऱ्यासोबत वणवा काही मिनिटांत अख्खा उतार खातो. त्यात तित्तरांचा आसरा जळतो, जमिनीवर आलेलं बी जळतं, आणि लावलेली रोपंही जळतात. फटाके खाली, गल्लीत उडवा. डोंगरावर जाताना काडेपेटी घरी ठेवा, आणि सोबतच्या पाहुण्यांचेही खिसे निघण्याआधी तपासा.